दंड भरला म्हणजे मिटलं का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राजापेठेत संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला उभं राहिलं, की पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या दिसतात. त्यात एखादं कुटुंब असं असतं, की प्रवासी एक आणि पोचवायला आलेले दहा. मोठ्या दोन बॅगा, आईच्या हातात डब्यांची पिशवी. ओळखावं, की पोरगं मुंबईहून पुढे विमानानं जाणार. पूर्वी क्वचित दिसणारं हे दृश्य आता नेहमीचं झालं आहे. मी वकिली करतो, त्यामुळे या प्रवासाची आधीची, घरात दबक्या आवाजात बोलली जाणारी बाजूही माझ्याकडे येते.

२०१९ साली ओळखीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा पुण्यात संगणक कंपनीत होता, कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. पासपोर्ट हातात होता, पोलीस पडताळणीही विनातक्रार झालेली. अडलं होतं व्हिसाच्या अर्जावर. त्यात विचारलं होतं, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, किंवा कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं आहे का? पुढे माफी मिळाली असली तरी सांगा, असंही होतं.

हा मुलगा २०११ मध्ये, कॉलेजात असताना, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या भांडणात सापडला होता. त्याच्यावर आणि आणखी काही पोरांवर कलम १६० लागलं, म्हणजे सार्वजनिक ठिकाणची मारामारी. अटक झाली, ठाण्यातूनच जामीन मिळाला. मग तारखा पडू लागल्या. परीक्षा जवळ आली तेव्हा कुणीतरी सांगितलं, कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा. शंभर रुपये दंड झाला. त्या वेळच्या दंड संहितेत या कलमाला दंडाची मर्यादाच तेवढी होती. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती हजार झाली आहे.) पावती घेऊन पोरं बाहेर आली, कचोरी खाल्ली आणि घरी गेली.

वडील मला म्हणाले, "वकीलसाहेब, पैसे तं भरले ना जी तवाच. मंग आता काय राह्यलं?"

राहिलं होतं ते असं, की गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दोषी ठरणं. रक्कम किती, याला त्यात महत्त्व नाही. आपल्याकडे दंडाकडे लोक बिलासारखं पाहतात. भरलं की संपलं. कोर्टात ज्या दिवशी 'गुन्हा कबूल आहे का?' असं विचारतात, त्या दिवशी पोराला फक्त पुढची तारीख नको असते. साध्या मारहाणीसारख्या काही प्रकरणांत दोन्ही बाजूंची रीतसर तडजोड झाली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो, हे त्याला कुणी सांगत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली नुसती समज देऊन सोडता येतं, आणि मग त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायद्यातली अपात्रता लागत नाही, हेही नाही. आमच्या व्यवसायातल्या लोकांचाही यात दोष आहे, हे मी मान्य करतो.

मग पासपोर्ट कसा मिळाला? याचं उत्तर जरा मागे जाऊन द्यावं लागेल. १९१८ मध्ये लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले. त्यात आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथं सरकारनं पासपोर्टच रद्द केले. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात टिळकांना चिरोलच्या खटल्यासाठी जाऊ दिलं, तेही राजकीय भाषणं करायची नाहीत या अटीवर. म्हणजे सगळं सरकारच्या मर्जीवर. स्वतंत्र भारतातही पासपोर्ट द्यायचा की नाही हे बरीच वर्षं सरकारच ठरवत होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला.

या कायद्यात गुन्ह्यासंबंधीच्या मुख्य अडचणी दोन. फौजदारी न्यायालयात खटला चालू असणं ही एक. आणि गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झालेली असणं ही दुसरी. शंभर रुपये दंड यात कुठंच बसत नाही. खटला चालू असला तरी १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी आणून पासपोर्ट मिळवता येतो. नुसती तक्रार नोंदली गेली आहे, न्यायालयानं दखल घेतलेली नाही, तर तो प्रलंबित खटला धरू नये, असं परराष्ट्र मंत्रालयानं २०१९ मध्ये कळवलं आहे. रास्ता रोकोत नाव आलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. टाळेबंदीतले कलम १८८ चे खटले मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२२ मध्ये जाहीर केला, पण खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते. बातमी वाचून स्वस्थ बसू नका, आपल्या प्रकरणात आदेश झाला का ते पाहा.

तर आपला कायदा विचारतो आजचं आणि गेल्या पाच वर्षांचं. त्या परक्या अर्जानं विचारलं होतं आयुष्यभराचं. एकच मुलगा इकडे खरेपणानं 'नाही' लिहितो आणि तिकडे त्याला 'हो' लिहावं लागतं. अर्ज भरून देणाऱ्या एजंटनं मात्र सल्ला दिला होता, "नाही लिहा, अमेरिकेला राजापेठेतलं काय माहीत?"

मी नको म्हटलं. मारामारीच्या अशा किरकोळ प्रकरणावरून अमेरिका सहसा दार लावत नाही. पण जाणूनबुजून खोटं सांगितलेलं उघडकीला आलं, तर तिथल्या कायद्यात कायमची अपात्रता येऊ शकते. इंग्लंडमध्ये अशा फसवणुकीला दहा वर्षांची बंदी आहे. कुठला गुन्हा किरकोळ, हेही तेच देश ठरवतात. दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड आपण हसण्यावारी नेतो, कॅनडानं डिसेंबर २०१८ पासून तो गंभीर गुन्ह्यांत घातला आहे.

मुलानं 'हो' लिहिलं. मुलाखतीत तीन प्रश्न विचारले, निकालाची प्रत घेतली आणि थांबायला सांगितलं. व्हिसा मिळाला, पण सात आठवड्यांनी. तोवर कंपनीनं त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं होतं. वडील मला काही बोलले नाहीत, पण दोन महिने घरी आले नाहीत. मुलगा पुढच्या वर्षाअखेरीला गेला, त्याच व्हिसावर.

ती निकालाची प्रत मिळवायलाही खटपट करावी लागली. जुन्या किरकोळ प्रकरणांची कागदपत्रं ठरावीक वर्षांनंतर नष्ट करतात. म्हणून ज्यांच्या घरी असं काही झालेलं असेल, त्यांनी खटला क्रमांक शोधून प्रमाणित नकलेसाठी आताच अर्ज करावा. कागदपत्रं नष्ट झाली असतील, तर तसं लिहून घ्यावं. आणि नकलेला लॅमिनेशन करू नका. आमच्या गृहस्थांनी प्रेमानं केलं होतं, मागचा शिक्का नीट दिसेना, आणि मुलाखतीच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा नकलेच्या खिडकीपुढे उभे होतो.