रस्त्यालाही पेलण्याची हद्द असते
(बिरसी, जि. गोंदिया येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बिरसी हे धानाच्या मुलखातले गाव. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या आपल्या कापूस-ज्वारीवाल्यांना इथल्या बांध्या नवख्या वाटतील. पण वस्तीतून धडधडत जाणारा भरलेला ट्रक कोणालाच नवखा नाही. वैनगंगेच्या काठाला त्यात रेती असते, वणी-घुग्घुस-राजुऱ्याकडे कोळसा असतो, गडचिरोलीत लोहखनिज असते. माल वेगळा, हाल तेच. भिंतींना तडे, शाळेच्या फाटकापुढे धूळ, रात्रीची झोप गेलेली, आणि दोन पावसाळ्यांत उखडलेला रस्ता.

या गावाला लागून विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी केली. मार्च 2022 मध्ये इथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टीचा एक नियम आपण समजून घ्यावा. कोणती धावपट्टी किती भार पेलते, याचा आकडा अभियंते काढतात. तो आकडा छापून वैमानिकांना कळवला जातो. त्याहून जड विमान खास परवानगीवाचून तिथे उतरत नाही. मला घाई आहे, माझा धंदा बुडतो, असे तिथे कोणी म्हणत नाही. म्हटले तरी कोणी ऐकत नाही.

मग आमचा सवाल साधा आहे. धावपट्टीला भाराची हद्द आहे, तर गावच्या रस्त्याला का नाही?

हद्द आहे. ती फक्त कोणी पाळत नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली. त्या योजनेतला रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद, आणि जिथे रहदारी फार कमी तिथे तीन मीटर. तो बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी आणि अधूनमधून येणाऱ्या मालगाडीचा हिशेब धरून बांधलेला असतो. रोज शंभर टिप्पर जातील असा हिशेब त्यात कोणी धरलेला नसतो.

आता थोडे गणित करू. शेतकऱ्याला गणित येत नाही असा समज करून घेऊनच लोकांनी आपल्याला लुटले आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर भरलेले ट्रक फिरवले आणि रस्ता कशाने मरतो ते मोजले. निष्कर्ष असा निघाला की एका ॲक्सलवरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. एक टनाच्या ॲक्सलची जीप आणि दहा टनांच्या ॲक्सलचा ट्रक घ्या. ट्रकचा तो एक ॲक्सल एकदा गेला, म्हणजे जीपचा ॲक्सल दहा हजार वेळा गेल्यासारखे झाले. ठरलेल्या वजनावर वीस टक्के जादा माल भरला की झीज दुप्पट होते. ट्रकवाल्याला वीस टक्के भाडे जास्त मिळते, आणि रस्त्याचे आयुष्य निम्मे होते. भाडे त्याच्या खिशात जाते, खड्डा आपल्या वाट्याला येतो.

त्यात आपली जमीन काळी. कृषी महाविद्यालयात हे शिकावे लागते, तुम्हाला ते पायाखाली कळते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. डांबराखाली मुरूम कितीही दाबा, त्याखालची ओली काळी माती जड चाकाखाली लोण्यासारखी सरकते. म्हणून आषाढ-श्रावणात एकेक ट्रक जे नुकसान करतो, ते उन्हाळ्यात करत नाही.

पिकाचेही ऐका. कच्च्या किंवा फुटलेल्या रस्त्याच्या कडेच्या तासांतल्या पऱ्हाटीवर धुळीचा थर बसतो. पानाला ऊन कमी मिळते. लाल कोळी ही कीड धुळीच्या पानांवर जास्त फोफावते, कारण तिला खाणारे मित्रकीटक धुळीत टिकत नाहीत. पुढे बोंडे फुटतात, आणि वेचणीच्या दिवसांत उघड्या सरकीच्या रुईवर कोळशाची नाहीतर मातीची धूळ चढते. तो कापूस घेऊन बाजारात गेलो की व्यापारी मूठभर उचलून भाव पाडतो. प्रत आमची खालावली म्हणतात. ती कोणी खालावली, हे कोणी विचारत नाही. धुळीने माखलेल्या कडब्याला जनावरही तोंड लावत नाही.

कायदा काय म्हणतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 115 लिहून घ्या. लोकांची सुरक्षा, लोकांची सोय, किंवा रस्त्याचा वा पुलाचा प्रकार पाहून, ठरावीक वाहनांना ठरावीक रस्त्यावर बंदी किंवा बंधन घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. पण बंधन एका महिन्यापुरते असेल तर अधिसूचनेचीही गरज नाही, गावात जाहीर केले की पुरे. मुंबई, पुणे, नागपुरात ठरावीक तासांत अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. शहरातल्या माणसाची झोप आणि शहरातले लेकरू जसे जपायचे, तसेच गावातलेही जपायचे, एवढेच आमचे मागणे.

जादा वजनाला कलम 194 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात 20 हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा खर्चही ट्रकवाल्याकडून. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय खाणींना मंजुरी देताना ज्या नेहमीच्या अटी घालते, त्यांत एक अट अशी असते की खनिजाची वाहतूक गावातून करू नये, वस्तीपासून किमान 200 मीटर अंतर राखून वळणरस्ता बांधावा. आपल्या भागातल्या खाणीच्या मंजुरीपत्रात ती आहे का, हे माहितीच्या अधिकारात कागद मागवून वाचा. त्या रस्त्याला पैसा कुठला, असे विचारतील. खाणकायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्या निधीत रस्त्याची कामे बसतात.

दुसरी वाट निघतच नाही असेही नाही. सुरजागडचे लोहखनिज वर्षानुवर्षे एटापल्ली, आलापल्लीच्या रस्त्यांनी ट्रकने गेले. 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे 85 किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. खनिज पाण्यात कालवून नळातून न्यायचे. म्हणजे मनात आणले तर ओझे रस्त्यावरून उतरवता येते.

आता दोन अडचणींवर आपण आपसांतच बोलू.

पहिली अशी की ट्रक आपल्यालाही लागतो. जिनिंगला कापूस, बाजाराला ज्वारी, गावाला खत ट्रकनेच जाते-येते. म्हणून सरसकट बंदी मागू नका. गावात माल भरायला किंवा उतरवायला आलेली गाडी मोकळी, गावाचा नुसता रस्ता वापरून पुढे जाणारी अवजड गाडी बंद, असा फरक ठरावात स्पष्ट लिहा. कलम 115 मध्ये अशा अपवादाला जागा आहे. काही गावे वाटेवर लोखंडी आडवी कमान उभारायचे म्हणतात. घाई करू नका. त्या कमानीखालून कडब्याने लादलेली तुमचीच गाडी जाणार नाही, हार्वेस्टर जाणार नाही, आणि आग लागली तर बंबही अडेल.

दुसरी अडचण जास्त नाजूक. प्रत्येक नव्या बंदीतून कोणाचातरी नवा हप्ता सुरू होतो, हे आपण जन्मभर पाहिले. बंदीचा फलक लागेल, आणि ट्रक रात्री दोन वाजता चिरीमिरी देऊन जाईल. त्याला एकच उपाय, हिशेब गावाच्या हातात ठेवणे. सलग तीन दिवस, चोवीस तास, पाळ्या लावून मोजा. वेळ, ॲक्सल किती, माल कोणता, ताडपत्री होती की नाही, एवढेच वहीत लिहा. नोंद बायांनी केली तर जास्त बिनचूक होते, हा आमचा अनुभव आहे. बंदी लागल्यावर तीच मोजणी दर महिन्याला करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. आकडा गावासमोर आला की हप्ता लपत नाही.

पुढची पावले अशी. रस्ता कोणाचा ते आधी काढा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. मोजणीची वही जोडून ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात रस्त्याचे नाव, कोणत्या वजनावरची गाडी, कोणते तास, कोणते अपवाद आणि पर्यायी वाट, हे पाचही लिहा. पर्यायी वाट दाखवली नाही तर तुमचा ट्रक शेजारच्या गावाच्या छातीवर जाईल, म्हणून लगतच्या गावांचा ठराव एकत्र न्या. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रती परिवहन कार्यालयाला, बांधकाम खात्याला आणि खनिकर्म अधिकाऱ्याला. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. अधिकारी कचरला, तर आधी एका महिन्याचे बंधन मागा, तेही वेचणीच्या दिवसांतले.

आणि ट्रकवर दगड उचलायचा नाही. स्टेअरिंगवर बसलेला पोरगा बहुतेक वेळा शेती पिकली नाही म्हणून गाव सोडलेला आपलाच पोरगा असतो. गाडीचा हप्ता त्याच्या मानेवर, जादा माल भरायची सक्ती मालकाची. भांडण मालाच्या मालकाशी आणि वाट मोकळी सोडणाऱ्या दप्तराशी आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घोषणा पाठ करून येऊ नका. प्रत्येक गावाने तीन दिवसांची वही घेऊन यावे.