गाडी लगेच ऐकत नसते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

संगणकावर आगगाडी चालवता येते, ही गोष्ट आता काही नवी राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये बाजारात आला. त्यात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि जपान इथले मिळून सहा मार्ग होते. भारतातला एकही नव्हता. पण आपल्याकडच्या हौशी मंडळींनी त्याच चौकटीत आपली इंजिनं, आपले डबे आणि आपली स्टेशनं बसवली. पुढे ‘ओपन रेल्स’ हा विनामूल्य सिम्युलेटर आला. जुन्या खेळासाठी तयार केलेले मार्ग त्यातही चालतात, आणि इंजिनाच्या वागण्याचं गणित तो बराच खोलात जाऊन करतो.

मी या पडद्यावरच्या गाड्या बरीच वर्षं चालवतो आहे. पाहणारे हमखास विचारतात, ‘खरी वाटते का हो?’ त्यांच्या मनात असतात झाडं, बोगदे, पाऊस, शिट्टीचा आवाज. ते सगळं छानच असतं. माझी कसोटी मात्र निराळी आहे. खरी गाडी लगेच ऐकत नसते. हजार टनांचा ऐवज हलवायला वेळ लागतो आणि थांबवायला त्याहून जास्त काळजी लागते. हे वाट पाहणं सिम्युलेटर जितकं चोख करायला लावतो, तितका तो खरा.

आधी डिझेलचं पाहू. आपल्या रेल्वेचं सर्वांत ओळखीचं डिझेल इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. नमुना अमेरिकेच्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ मध्ये बाहेरून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि थ्रॉटलला आठ नॉच. उभ्या गाडीत हे इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेतं, आठव्या नॉचला १०००. पण गंमत अशी की हे डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज देतो आणि त्या विजेवर चाकांजवळच्या सहा मोटरी चालतात.

म्हणून नॉच वाढवली की गाडी ताडकन उसळत नाही. आधी इंजिनाचे फेरे वाढतात, टर्बो वेग धरेपर्यंत धुराड्यातून काळा लोट निघतो, मग लोडमीटरचा काटा चढतो आणि त्यानंतर कुठे डब्यांचे कपलिंग एकामागून एक ताणले जातात. शिवाय नॉच वेग ठरवत नाही, ताकद ठरवते. तीच ताकद कमी वेगाला भरपूर ओढ देते. वेग दुप्पट झाला की ओढ निम्म्यावर येते. नवशिक्याला वाटतं, आठव्या नॉचला टाकलं की झालं. पण गाडी हळू चालत असताना मोटरींतून प्रचंड वीजप्रवाह जातो. चढावर रेंगाळत तसंच दामटत राहिलं तर मोटरी तापून जळायची वेळ येते. म्हणून खऱ्या चालकाची एक नजर सिग्नलवर असते आणि दुसरी लोडमीटरवर. ज्या खेळात मोटर कधी तापतच नाही, तो खेळ चालकाला लाडावून ठेवतो.

आता थोडा हिशेब करू. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. एक हजार टनांची गाडी घ्या. सपाटीवर ती हळू वेगात चालती ठेवायला दोन-तीन टनांची ओढ पुरते. एवढ्या चढावर मात्र नुसत्या चढणीसाठी हजार भागिले सदतीस, म्हणजे सत्तावीस टनांची ओढ आणखी लागते. कोकण रेल्वेच्या एकास दीडशे चढावर हाच आकडा सात टनांच्या आत राहतो. डब्ल्यूडीएम-२चं वजन सुमारे ११३ टन. कोरड्या रुळावर चाकांची पकड वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के धरली, तर अठ्ठावीस ते चौतीस टनांची ओढ मिळेल. त्यातले तीन टन इंजिनाला स्वतःचं वजन वर नेण्यात जातात. म्हणजे कोरड्यात कसंबसं जमेल, आणि पावसाची सर आली की चाकं जागच्या जागी गरगरतील. वाळू सोडूनही फार काही साधणार नाही. घाटात गाडीला मागून बँकर इंजिनं का लावतात, याचं उत्तर या चार ओळींच्या हिशेबात आहे. बँकर मागून ढकलतात तेव्हा पुढच्या डब्यांच्या कपलिंगवरचा ताणही कमी होतो.

हा हिशेब तुमचा सिम्युलेटर पाळतो का, ते घरी बसून तपासता येतं. एवढ्याच चढाचा मार्ग निवडा, हेच इंजिन एकटं लावा, हवामान पावसाळी करा. गाडी झोकात वर चढली, तर चित्र कितीही सुंदर असो, आतला हिशेब खोटा आहे असं खुशाल समजा.

विजेच्या इंजिनाचा स्वभाव वेगळा. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. दोन्ही घाटांतही पुढे हीच वीज गेली. त्या काळच्या डीसी इंजिनांत सुरुवातीला मोटरींच्या वाटेत रोधक घातलेले असत आणि चालक ते टप्प्याटप्प्यानं वगळत जाई. रोधकाच्या नॉचवर फार वेळ रेंगाळता येत नसे, कारण रोधक तापत. म्हणजे कुठं थांबायचं आणि कुठं भरभर पुढे सरकायचं, याची एक लय हाताला लावून घ्यावी लागे. एसीवरच्या डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएजी-७ या इंजिनांत ट्रान्सफॉर्मरवर टॅपचेंजर असतो, बत्तीस नॉचचा. एकेक नॉच घ्यायची, काटा खाली येऊ द्यायचा, मग पुढची. घाई केली तर प्रवाह मर्यादेबाहेर जातो आणि डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य स्विच, आपोआप उघडतो. गाडीची सगळी ताकदच जाते. खेळात मात्र कळ दाबून धरली की बत्तीस नॉच डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात!

आणखी एक गोष्ट, न्यूट्रल सेक्शनची. २५ हजार व्होल्टच्या तारेत ठिकठिकाणी असा तुकडा असतो, जिथे वीजच नसते. त्याच्या आधी ५०० आणि २५० मीटरवर पाट्या लावलेल्या असतात. चालकानं नॉच शून्यावर आणायची, डीजे उघडायचा, वेगाच्या जोरावर तो तुकडा ओलांडायचा आणि पलीकडची पाटी आली की डीजे पुन्हा लावायचा. चढावर वेग आधीच मंदावला असेल तर? गाडी नेमकी त्या तुकड्यात उभी राहील आणि तिला हलवायला दुसऱ्याची मदत मागवावी लागेल. म्हणून चालक दोन-तीन किलोमीटर आधीपासून वेगाचा विचार करतो. सिम्युलेटरवर हा प्रसंग आणता आला तर शिकणाऱ्याला दहा व्याख्यानांचं काम त्यात होतं.

राहिला ब्रेक. आपल्या चालकाच्या हाताशी दोन दांडे असतात. ए-९ हा सबंध गाडीचा ब्रेक आणि एसए-९ फक्त इंजिनाचा. गाडीभर गेलेल्या पाइपात दाबाखालची हवा असते. ती कमी केली की ब्रेक लागतात. पण हवा कमी झाल्याचा निरोप शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ब्रेक सोडल्यावर प्रत्येक वाघिणीची टाकी पुन्हा भरायला त्याहून कितीतरी जास्त. मधल्या वेळात पुन्हा ब्रेक लावला, पुन्हा सोडला, असं चाळवत राहिलं तर टाक्या रित्या होत जातात. उतारावर याचा अर्थ काय, ते सांगायला नको. ताबा सुटलेली गाडी वळवून चढावर अडवता यावी, यासाठीच घाटात कॅच सायडिंग बांधलेल्या आहेत. ब्रेकचा हा उशीर ‘ओपन रेल्स’मध्ये अनुभवता येतो, मात्र ‘सोपी नियंत्रणं’ हा पर्याय बंद ठेवायला हवा.

आता मुद्द्यावर येतो. या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक इंजिनामागे साध्या मजकुराची एक फाइल असते. वजन, ताकद, कमाल ओढ, नॉच, ब्रेकचा जोर हे सगळे आकडे त्यात लिहिलेले. कुणीही ती उघडावी, वाचावी, सुधारावी. पुष्कळदा इंजिनाचा रंग हुबेहूब असतो आणि आतले आकडे दुसऱ्याच इंजिनाचे उसने घेतलेले असतात. आकडे पुस्तकांतून मिळतात, पण सवयी मिळत नाहीत. कुठल्या वळणावर चाकं हमखास घसरत, काटा किती खाली आला की पुढची नॉच घ्यायची, भरलेली मालगाडी उतरवताना ब्रेक पहिल्यांदा कुठं लावायचा, हे शहाणपण चालकाच्या हातात असतं.

आणि हे हात आता थोडे उरत चालले आहेत. मुंबईच्या हार्बर मार्गावरची डीसी वीज २०१६ मध्ये बदलली आणि डीसीचं पर्व तिथे संपलं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवर आता जवळजवळ सगळीकडे विजेची तार आहे. नव्या थ्री-फेज इंजिनांत बरीचशी नाजूक कामं संगणकच सांभाळतो. ही प्रगतीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. जुनं इंजिन संग्रहालयात रंग देऊन उभं करता येतं. पण ते कसं चालत असे, कुठं अडत असे, हे उभ्या इंजिनाकडून कळत नाही. ते जपण्याची जागा म्हणजे आकडे खरे असलेला सिम्युलेटर.

म्हणून भुसावळ, मनमाड, इगतपुरी, कल्याण, दौंड अशा रेल्वेच्या गावांतल्या तरुण श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी निवृत्त ड्रायव्हरकाका असतील, तर त्यांना संगणकासमोर बसवा. गाडी चालवून दाखवा आणि विचारा, ‘काका, ही अशीच चालायची का?’ ते ‘नाही रे, असं नव्हतं,’ म्हणतील, तिथं थांबा. पुढे जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या, तारखेसह, इंजिनाच्या नावासह. मग फाइल उघडा आणि आकडे दुरुस्त करा.