मदतीचा पैसा कोठून येतो?

एका राष्ट्राने दुसऱ्यास दिलेली मदत म्हणजे दान, असा समज रूढ आहे. जपानच्या ‘जायका’ या सरकारी संस्थेचा हिशेब पाहिला की तो टिकत नाही. सरकारी कोषातून घेतलेली कर्जे, बाजारात विकलेले रोखे आणि जुन्या ऋणकोंचे परत येणारे हप्ते यांवर तिचा कर्जव्यवहार चालतो. व्याज अल्प ठेवता येते ते सरकारने पुरविलेल्या भांडवलामुळे, म्हणजेच जपानी करदात्यामुळे.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी २०१५ साली ठरलेले कर्ज ०.१ टक्का व्याजाचे, ५० वर्षांच्या मुदतीचे. पहिली १५ वर्षे मुद्दलाची फेड नाही. परंतु कर्ज येनमध्ये आहे. येन महागला तर वाढलेला बोजा भारतीय जनतेने वाहावयाचा. शिवाय तंत्र शिंकान्सेनचे ठरले, तेव्हा जपानी कारखान्यांची सोयही त्यातच झाली.

पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांनी जमीन देण्यास विरोध केला, तो या हिशेबात कोठेच दिसत नाही. स्वस्त व्याज म्हणजे न्याय्य व्यवहार नव्हे. कर्जाच्या अटी सहीपूर्वी संसदेपुढे आणि ज्यांची जमीन जाते त्यांच्या ग्रामसभेपुढे आल्याच पाहिजेत. फेडणाऱ्याला विचारल्यावाचून काढलेले कर्ज मदत ठरत नाही.