दलदलीची सहल आणि नावाड्याचा रोज



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘मुलांची होडीतून सहल’ असे कळवले. त्यांना वाटले, पत्र लिहिण्यात काही चूक झाली. मँगनीजच्या खाणीवर बोनस, बदली कामगार आणि अपघाताची भरपाई यांवाचून ज्याने दुसरे काही बोलू नये, तो माणूस होडीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीतल्या कंदिलाखाली झाले, आणि त्या अभ्यासक्रमात होडी नव्हती.

झाले ते असे. नाकाडोंगरीच्या आसपासची आमची पोरे डोंगर पाहतात, खाण पाहतात, डोंगरी बुजुर्गचा तो उघडा खड्डा पाहतात. तिथले मँगनीज बॅटरीच्या सेलमध्ये जाते, हे त्यांना पाठ आहे. पण आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणतात, कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांचे कौतुक सांगतात, आणि आमच्या चोवीस पोरांपैकी पाण्यावर बसलेले पोर एकही नाही. तेव्हा कामगारांच्या सभेत ठरले की, थंडीत मुलांना भंडाऱ्याला न्यायचे. शहराला लागूनच वैनगंगेला गोसीखुर्द धरणाचा जो फुगवटा आला आहे, त्याच्या कडेची दलदल होडीतून दाखवायची.

एका तरुण कार्यकर्त्याने कयाकची कल्पना काढली. कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची चामड्याने मढवलेली अरुंद होडी. आता ती प्लॅस्टिकची मिळते, लाल-पिवळी. एकाने किंवा दोघांनी बसायचे आणि दोन तोंडांचे वल्हे आपणच मारायचे. एक ठेकेदारही भेटला. कयाक त्याचे, टोपीवाला मार्गदर्शक त्याचा, दर माणशी. त्या पाण्यावर जन्म काढलेले धीवर कुठे आहेत, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “दोघेतिघे घेऊ की मदतीला. जेवण देऊ.”

जेवण देऊ! हे शब्द आम्ही खाणीवरही ऐकलेले आहेत. तिथेच ते बोलणे थांबले.

मग आम्ही एका वयस्क धीवर काकांकडे गेलो. त्यांनी सकाळी आम्हांला डोंग्यात घातले. पहिल्या दहा मिनिटांतच आम्ही काही दाखवण्यासाठी उभे राहिलो आणि डोंगा असा कलला की सगळे तत्त्वज्ञान पाण्यात जाणार होते. जन्मभर लोकांना ‘उठा, उभे राहा’ असे सांगत आलेल्या माणसाला काकांनी शर्टाला धरून खाली बसवले. असो.

त्या दोन तासांत जे कळले ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हते. फुगवट्याखाली जुनी शेते बुडालेली आहेत. वरून पाणी आरशासारखे दिसते, पण खाली बाभळीचे खुंट आहेत. काका बांबू टाकून खोली सांगत. जलपर्णीचा हिरवा गालिचा वाऱ्याबरोबर सरकतो; सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी बंद होते. त्यात कयाक शिरली तर वल्हे गुंतते. जाळी कुठे लावली आहेत, हे वर दिसणाऱ्या एका रिकाम्या बाटलीवरून ओळखायचे. नागपूरचे सांडपाणी नागनदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत येते. हा संगम आंभोऱ्याला, म्हणजे शहराच्या खाली. पण धरणाने पाणी तुंबल्यापासून ती घाण मागे सरकते, ही भंडारेकरांची जुनी तक्रार आहे. काका पाण्याचा वास घेत आणि म्हणत, “इथं पोरायले हात घालू देऊ नका.” आणि तरीही त्याच पाण्यावर चक्रवाकांची जोडी उतरली होती, थापटे चिखल गाळीत होते. कडेला गाद दाखवली, मागे गावतलावातल्या देवधानाच्या गोष्टी सांगितल्या. सारस मात्र दिसला नाही. आपल्या जिल्ह्यात ते आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

परत येताना आम्ही सहज विचारले, “काका, वारा सुटला, धुके हटले नाही, तर तुम्ही नाही म्हणाल ना?”

ते बराच वेळ वल्हे मारीत राहिले. मग म्हणाले, “नाही म्हणलं तं रोज बुडते. हो म्हणलं तं पोरं बुडतीन.”

मंडळी, आमचे आजचे व्याख्यान त्या एका वाक्यावर आहे.

जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेहून जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटे नव्हती. त्याच महिन्यात आपल्या याच वैनगंगेत, चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बायांचा डोंगा उलटला. सहा जणी बुडाल्या. मे महिन्यात उजनीच्या पाण्यावर वादळी वाऱ्यात होडी गेली, तिथेही सहा. एक सहल, एक मजुरी, एक नेहमीचा प्रवास. कारणे वेगवेगळी असतील. पण फेरी झाली तरच पैसे, हा व्यवहार जिथे असतो, तिथे वाऱ्याकडे पाहणारा डोळा आपोआप मिटतो, हे आम्ही खाणीत पाहिले आहे. ज्याचा पगार टनावर, तो छताकडे बघत नाही.

म्हणून आम्ही सहलीचा आराखडा उलटा धरला. आधी नावाड्यांशी करार, मग बाकीचे. करारातले पहिले कलम असे: ठरलेल्या दिवशी सकाळी नावाड्याने ‘आज नाही’ म्हटले, तरी त्याचा पूर्ण रोज द्यायचा. कारण विचारायचे नाही. आमच्या खजिनदारांना हे पटायला तीन बैठका लागल्या. ते म्हणाले, उद्या सगळेच ‘आज नाही’ म्हणतील. हे वाक्य आम्ही समोरच्या बाजूच्या लोकांकडून आयुष्यभर ऐकत आलो आहोत, ते आपल्याच खजिनदाराच्या तोंडून ऐकताना मौज वाटली.

बाकीचे थोडक्यात सांगतो. काळ डिसेंबर-जानेवारीचा, त्यानंतर पाहुणे पक्षी पांगू लागतात. वेळ धुके हटल्यापासून अकरापर्यंत. चार होड्या, एकीत तीनच पोरे आणि एक नावाडी, म्हणजे दोन फेऱ्या. पाचवी होडी रिकामी, दोर घेऊन मागे. जाकिटाचे बंद नावाड्याने स्वतः तपासायचे. जड बूट नकोत. ते घालून पाण्यात पाय मारणे कठीण जाते. आणि हजेरी. खाणीत पाळीला किती उतरले याची नोंद असते आणि वर आल्यावर मोजणी जुळवतात. तशीच काठावर वही, जाताना एक खूण, येताना दुसरी. वल्ह्याच्या होड्यांना कायद्याने विचारायचेच नाही असा जुना रिवाज होता, १९१७ चा कायदा यंत्राच्या बोटींपुरता होता. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात बिनयंत्राच्या होड्यांचेही प्रकरण आले आहे. ते आम्ही काकांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “यात रोजाचं काही हाय का?” नव्हते.

कयाक आम्ही पूर्णपणे टाकलेल्या नाहीत. तिकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बाया २०१७ पासून स्वतः वल्हे मारून लोकांना खारफुटी दाखवतात. झाडांची नावे त्या सांगतात आणि पैसे त्यांच्या गटाकडे येतात. आपल्याकडे धीवरांची पोरे तसे मार्गदर्शक का होऊ नयेत? गोसीखुर्दच्या पाण्यावर सरकारच्या जलपर्यटनाच्या योजना आहेत. तिथे माहिती सांगणारा बाहेरचा आणि वल्हे मारणारा जेवणावरचा, ही विभागणी एकदा बसली की ती मोडायला तीस वर्षे लागतात. तेव्हा कयाक आल्या तर त्या मच्छिमार सोसायटीच्या मालकीच्या येवोत, आणि पहिली काकांचा नातू चालवो. त्याला खुंट कुठे आहेत ते ठाऊक आहे.

करार झाल्यावर काकांनी आमच्या पोरांना एकच प्रश्न विचारला: पोहता कोणाला येते? चोवीसातले तीन हात वर आले. त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की आम्ही वही मिटली आणि सहल एक हंगाम पुढे ढकलली.

त्यामुळे सध्या रोज सकाळी सहाला बावनथडीच्या डोहात, जिथे पाणी पोरांच्या कमरेइतके आहे तिथे, पोहण्याचा वर्ग चालू आहे. काकांचा नातू शिकवतो. त्याचा रोज युनियन देते. आजवर अकरा पोरे पाण्यावर तरंगू लागली आहेत. ट्रकच्या जुन्या ट्यूबा कमी पडतात. आपल्यापैकी कोणाच्या गॅरेजात पडून असतील, तर सभा संपल्यावर आम्हांला दाराशी भेटावे.