गाडीचा नंबर वाचायला शिकूया

आपल्या समोरून दिवसभर गाड्या जातात. गाडीचा रंग आपल्या ध्यानात राहतो, नंबर मात्र आपण वाचतच नाही. तो कसा वाचायचा आणि का वाचायचा, ते आज सांगतो.

१९८९ च्या आधी महाराष्ट्रातल्या गाड्यांवर तीन अक्षरं आणि पुढे आकडा असायचा. गाडी कुठली, हे जाणकारालाच कळायचं. १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि आजची सोपी रीत आली. आधी राज्य, म्हणजे एमएच. मग आरटीओचा क्रमांक: पुण्याचा १२, कोल्हापूरचा ०९, नाशिकचा १५, नागपूरचा ३१. त्यानंतर एक-दोन अक्षरं आणि शेवटी आकडा, बहुतेकदा चार अंकी.

पाटीचा रंगही बोलतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची: रिक्षा, टॅक्सी, टेम्पो. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी गाडी. म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी ‘सीट, सीट’ म्हणत थांबली, तर समजा, तिला भाडं घ्यायचा परवाना नाही.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सुरक्षित पाटी येते. ती ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर अशोकचक्राचा चमकता शिक्का आणि लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो. ती काढायला गेलं तर तिचं कुलूप तुटतं, त्यामुळे चोरीच्या गाडीला दुसऱ्याची पाटी लावणं अवघड जातं.

आता घरातल्या पोरांकडे वळूया. ४१४१ असा लिहायचा की ‘दादा’ दिसावं, २१४ चा ‘राम’ करायचा, ही हौस आपण पाहतोच. नियमाप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत, तेही साधे आणि ठरलेल्या मापाचे. मराठीचा अभिमान आम्हालाही आहे. पण पाटी मालकाच्या हौसेसाठी नसते. ती रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी असते.

कसं ते पाहा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. गाडी सापडली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. तिथे वय, कमाई, मागे राहिलेली माणसं, सगळं पाहून भरपाई ठरते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टांचंही मोल धरलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. एका घराचं पुढचं सगळं त्या नंबरावर अवलंबून असू शकतं.

म्हणून एवढं करूया. रात्री रिक्षात बसताना नंबर फोनवर घरी मोठ्याने सांगायचा. अपघात दिसला तर ११२ ला फोन करायचा. पूर्ण नंबर जमला नाही, तर शेवटचे चार आकडे आणि गाडीचा रंग लगेच लिहून ठेवायचा, कागद नसेल तर तळहातावर. आणि आज संध्याकाळी आपल्या दारातल्या दुचाकीची पाटी चिखलाने माखली असेल, तर ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.