माळ्यावरची खुर्ची

दर 7 डिसेंबरला आपण ध्वजदिनाचे चिमुकले निशाण छातीवर लावतो. 1949 पासूनची ही प्रथा. त्यानंतर कुणाला तरी माळ्यावरची, आजोबांची चाकांची खुर्ची आठवते आणि ‘ती एखाद्या जखमी जवानाला देऊन टाकू’ असे ठरते. हे ‘टाकू’ आम्हांस खटकते.

कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीला 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशा जवानाला पुष्कळदा कमरेखाली संवेदनाच नसते. खुर्ची रुंद असली की अंग एका बाजूस कलते, अरुंद असली की कड मांडीला घासते. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि जखम हाडापर्यंत जाते. माणूस दगावतोसुद्धा! म्हणून खुर्ची त्याच्या मापाची हवी, बसायची गादी धड हवी.

खेड्यातल्या जवानाचे आणखी निराळे. उंबरठा उंच, संडास परसात. त्याला कधी खुर्चीआधी दारात सिमेंटचा उतार हवा असतो, कधी हवेची गादी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कोणाला काय हवे, एवढे विचारता येते. आम्हीही एकदा न विचारताच खुर्ची पोचवली होती. ती त्या घराच्या दारातून आत गेली नाही. पुढे तिच्यावर कोंबड्या बसत.