आईवडिलांना कोलकाता दाखविताना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दरवर्षी महाराष्ट्रातून काही मुले-मुली शिक्षणासाठी या शहरी येतात. कोणी बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, कोणी जोक्याच्या व्यवस्थापन संस्थेत, कोणी जादवपूर विद्यापीठात. वर्ष निम्मे सरते न सरते तोच त्यांचे आईवडील लांबचा प्रवास करून हावड्याला उतरतात. मग ही मुले मंडळात येऊन विचारतात, "चार दिवसांत आईबाबांना काय काय दाखवू?" वरवर पाहता प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते, असे मला वाटते. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

प्रेक्षणीय स्थळांची यादी सर्वांना ठाऊक आहे. १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय, १९२१ साली खुले झालेले व्हिक्टोरिया स्मारक, राणी रासमणींनी १८५५ साली उभारलेले दक्षिणेश्वरचे मंदिर, बेलूर मठ, कालीघाट. ही अवश्य दाखवावीत. मात्र एका दिवशी दोनच ठिकाणे घ्यावीत, दुपारी विसावा द्यावा, आणि शक्य तर त्यांना थंडीत बोलवावे. त्या दिवसांत हवा सुसह्य असते आणि नव्या गुळाचा संदेशही मिळतो.

पण आईवडील एवढ्यासाठी येतात काय? ते एक भीती घेऊन येतात. आपले मूल परक्या मुलखात, परक्या भाषेत, न ओळखणाऱ्या माणसांत राहते. आजारी पडले तर कोण पाहील, वेळेवर जेवते की नाही, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. तो ते तोंडाने विचारीत नाहीत. व्हिक्टोरियाच्या संगमरवराकडे पाहतानाही तो त्यांच्या मनात असतो. शहर दाखविणे म्हणजे ही भीती घालविणे होय.

आता एक गंमत सांगतो. भीतीचा हा व्यवहार एकतर्फी नाही. आपल्याला या मुलखाची भीती वाटावी, त्याच्या कितीतरी आधी या मुलखाला आपली भीती वाटत होती! त्यासाठी आईवडिलांना बागबाजारला न्यावे. तेथे 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा १७४२ साली बंगालवर आल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. हल्ला झाला नाही, आणि खंदक अर्धाच राहिला. पुढे त्याचा बराचसा भाग बुजवून १७९९ च्या सुमारास सर्क्युलर रोड झाला. आज आचार्य जगदीशचंद्र बसू आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवरून आपली मुले रोज बसने जातात, ती त्याच खंदकाच्या वाटेने.

शहर वाचले, गावे मात्र वाचली नाहीत. १७५१ च्या तहापर्यंत त्या स्वाऱ्यांनी पश्चिम बंगालची खेडी होरपळून निघाली. सरकारी घोड्यावर बसणारा तो आपला 'बारगीर'. त्याचा येथे 'बर्गी' झाला, आणि बंगाली आया मुलांना निजविताना अंगाईत त्याचे भय घालू लागल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांतील पराक्रमाची ही दुसरी बाजू आहे.

कोणी म्हणेल, चार दिवसांसाठी आलेल्या वृद्धांना हे कशाला दाखवावे? मी म्हणतो, अवश्य दाखवावे. ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या नावाने खंदक खणला, तेच लोक आज आपल्या मुलांच्या हाती घराची किल्ली देतात. हे कळले म्हणजे आईवडिलांची भीती निम्मी तेथेच उतरते.

आणि भयाशेजारी स्नेहाचीही वाट आहे. ती श्रीरामपूरला जाते. हावड्याहून लोकल गाडीने तासाभराच्या आत तेथे पोहोचता येते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली निघाला, तो याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून. त्या कामी पंडित वैजनाथ शर्मा त्यांचे साहाय्यक होते. मराठी छपाईच्या बाल्यातील काही वर्षे अशी हुगळीकाठी गेली आहेत. त्याच गावी गोपाळराव जोशी टपाल खात्यात असताना आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कॉलेजच्या सभागृहात भाषण करून आपण अमेरिकेस का जातो ते सांगितले, आणि ७ एप्रिलला कलकत्त्याच्या बंदरातून त्या निघाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. शिकण्यासाठी दूर गेलेल्या मुलीच्या आईला त्या सभागृहापाशी उभे करून एवढे सांगितले, तरी पुरे.

परत आल्यावर जोडासाँकोचे ठाकूरवाडी पाहावे. १८७८ साली तरुण रवींद्रनाथ मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी इंग्रजी शिकण्यासाठी राहिले होते. पुढे १९०४ साली त्यांनी शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली. त्याच वर्षी सखाराम गणेश देउस्कर या मराठी कुळातील लेखकाचे 'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि १९१० साली इंग्रज सरकारने ते जप्त केले. बर्गीच्या आठवणीवर बंगाली आणि मराठी माणसांनी असा लेखणीने उतारा दिला.

शेवटचा दिवस मात्र स्मारकांचा नसावा, तो तुमचा असावा. तुमची खोली, तुमची मेस, ग्रंथालयातील तुमची जागा, मातीच्या भांडात चहा देणारा टपरीवाला, कोपऱ्यावरचा औषधवाला, हे सर्व दाखवावे. घरमालकीणबाईंना आणि आईला एकत्र बसवावे. एकीला मराठी येत नाही, दुसरीला बंगाली. तरी पाटिसापटा आणि पुरणपोळी यांवर त्यांचा तासभर संवाद चालतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. शेजारची मुले आईला 'माशीमा' म्हणतात, तेव्हा त्यात तिला आपली 'मावशी' ऐकू येते. मुलाच्या आजारपणात कोणाला फोन करावा, तो क्रमांक वडिलांच्या वहीत त्याच दिवशी लिहून द्यावा. हे काम कोणत्याही वाटाड्याला जमणारे नाही.

जाताना त्यांना एस्प्लनेडहून मेट्रोने हावड्याला न्यावे. भारतातील पहिली मेट्रो १९८४ साली याच शहरात धावली, आणि मार्च २०२४ पासून ती हुगळीच्या पात्राखालून जाते.

बंगालीत 'घर' म्हणजे खोली. संपूर्ण घराला ते 'बाडी' म्हणतात. येथे येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुधा एक 'घर'च असते. त्याची 'बाडी' व्हावी, यासाठी आपले मंडळ आहे. तेव्हा आईवडील आले की त्यांना एक संध्याकाळ येथेही घेऊन या. त्यांचे स्वागत करण्याचा मान आम्हाला मिळू द्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.